मेंदूतली चिंधी

सोमवार, ३ मार्च

चाळीस काप! एकही फाटला नाही. सरांनी एक काप भिंगाखाली धरला नि म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला तोड नाही." बावीस वर्षं ऐकतेय, तरी आज दिवसभर हवेत होते.

काम नेहमीचंच – शेतातल्या उंदराचा गोठवलेला मेंदू यंत्रावर केसाहून पातळ कापायचा, काप पाण्यात सोडायचे, ब्रशने साफसूफ करून काचेवर चढवायचे. पुढचं डॉक्टरीणबाईंचं. पीएच.डी. अजून व्हायचीय, पण मी आत्तापासूनच डॉक्टर म्हणते. लाजतात बिचाऱ्या! सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा निरोप मेंदूत कुठल्या कुठल्या दारांतून आत जातो, त्याचा नकाशा काढतायत. दार म्हणजे रिसेप्टर. चौदा-एक प्रकारची दारं, तीही एवढ्याशा डोक्यात! आमच्या अख्ख्या घराला एक, तेही अडकतं.

गुरुवार, ६ मार्च

'एक-ए' प्रकारची दारं सापडली! रंग लावला आणि हिप्पोकॅम्पस हिरवागार चमकला. आठवणी साठवायचं ठिकाण ते. शिवाय मेंदूच्या देठात, जिथून सेरोटोनिन निघतं, तिथेही. म्हणजे निरोप धाडणाऱ्याच्या स्वतःच्याच घराला दार! "आपण जास्त बोलतोय हे कळायला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कळलं की ती पेशी गप्प बसते."

घरी ह्यांना सांगितलं. तर म्हणे, "तुला एक बसवून मिळेल का बघ की!" तासभर अबोला धरला. मग माझं मलाच हसू फुटलं.

मंगळवार, ११ मार्च

'दोन-सी'ने मात्र दगा दिला. जिथे सगळ्यांत दाट असायला हवं, नेमका तिथेच अंधार. सर शांत. "आपल्या शेतातल्या उंदरात तिथे नसतंच ते. 'आढळलं नाही' असं लिही आणि मोकळी हो." प्रबंध एकतीस तारखेला द्यायचाय.

पण ह्या बाई ऐकतील तर शपथ! जेवताना मला म्हणाल्या, "ताई, घरातल्या उंदरात आहे, माणसात आहे, मग ह्याच्यातच कसं नाही? 'नाही' लिहायचं आणि उद्या खोटं निघालं, तर जन्मभर माझ्या नावावर." अर्धा डबा तसाच परत गेला.

शुक्रवार, १४ मार्च

रंगाची नवी बाटली आली. पुन्हा अंधार. बाटलीला दोघींनी मिळून शिव्या घातल्या.

सोमवार, १७ मार्च

आज विचारलं, "अहो, पण नेमकं कुठे शोधताय तुम्ही?" इतके दिवस विचारलंच नव्हतं! त्यांनी चित्र उघडलं. मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांत एक नाजूक झालर लोंबते, ती ते पाणी बनवते. "ह्या झालरीत. इथे 'दोन-सी' खच्चून भरलेलं असतं."

त्या झालरीला मी चिंधी म्हणते. कापाच्या मधल्या भोकात लोंबत असते, घड्या पडतात, काप सपाट बसू देत नाही. पहिल्या दिवसापासून ब्रशच्या टोकाने उचलते आणि टाकून देते. माझे काप स्वच्छ म्हणून नावाजलेले, ते ह्यामुळेच.

मंगळवार, १८ मार्च

सांगितलं नाही.

बुधवार, १९ मार्च

आजही नाही. त्या नव्या बाटलीच्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहीत बसल्या होत्या, मी शेजारून शब्द सुचवले! लाज वाटली स्वतःची. मग सगळे जेवायला गेले तेव्हा एक मेंदू काढला. कापला, चिंधी तशीच ठेवली. हात नुसते शिवशिवत होते! काय ते ध्यान – गुंडाळलेलं, चुरगळलेलं, नवशिक्याने केल्यासारखं. तस्सं काचेवर चढवून रंगात ठेवलं. घरी आले तर हे म्हणाले, "आज भाजीत मीठ दोनदा पडलंय." पडलं असेल.

शुक्रवार, २१ मार्च

पेटली! सगळा काप काळा आणि मधोमध ती चिंधी हिरवी, लखलखीत. बावीस वर्षांत एवढी सुंदर काच मी बनवलेली नाही, आणि किती गबाळी! डोळे भरून आले. आनंदाने का भीतीने, देव जाणे.

मग दोघांना एकदमच बोलावलं. म्हटलं, आधी बघा, मग बोलते. सगळं सांगून टाकलं – ब्रश, चिंधी, पहिल्या दिवसापासूनची सवय. डॉक्टरीणबाई आधी रडल्या, मग मला मिठी मारून नाचल्या. "दहा दिवस आहेत ताई! कापूया सगळं नव्याने!" माझा जीव भांड्यात पडला.

सर भिंगावरून डोळा काढेनात. मग आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. रागावले असतील. बढाई मारत होते ना माझी!

सोमवार, २४ मार्च

सरांनी बोलावून एक जुना लेख पुढे ठेवला. त्यांचा पहिला मोठा लेख, एकोणीस वर्षांपूर्वीचा. त्याच्यावरच त्यांचं नाव झालं, ही प्रयोगशाळा मिळाली. शेवटची ओळ: शेतातल्या उंदराच्या झालरीत 'दोन-सी'चे दार नसते. खाली आभार – अतिशय स्वच्छ कापांसाठी, माझे.

"मागे घेतोय हा," सर म्हणाले. "मासिकाला पाठवायच्या पत्रावर माझी सही झाली. चिंधीचंही लिहिलंय त्यात. तुमची कराल का?"