स्वयंपाकघराच्या खिडकीतला कंदील

१२ ऑक्टोबर
आलो एकदाचे या डच गावात, रायस्वाइकला! सासूबाईंनी पुण्याहून बांधून दिलेली चकलीची भाजणीसुद्धा सुखरूप पोचली. घर जुनं, जिना शिडीसारखा उभा, पण स्वयंपाकघराची खिडकी थेट मागच्या कालव्यावर उघडते. ओमकारचं ऑफिस ब्रेडाला. आमची सहा वर्षांची मृणू दिवसभर पॅसेजमधल्या लाकडी झाकणावर उड्या मारत होती. त्याखाली पाइप दुरुस्त करायला कमरेइतकी पोकळी आहे म्हणे, तळाला नुसती वाळू.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
बाहेर वारा भणाणतोय, म्हणून आकाशकंदील खिडकीत आतूनच टांगला. झकास दिसतो! तर शेजारच्या टीनेके आजी, नव्वदीच्या पुढच्या, तो बघून काठी टेकत आल्या आणि काढ म्हणाल्या. युद्धात इथल्या नवरा-बायकोनं ज्यू माणसांना त्या झाकणाखाली लपवलं होतं. खूण ठरलेली: खिडकीत दिवा असला की धोका नाही, बाहेर या. विझला की खाली, गप्प. एकदा जर्मन सैनिक घरात घुसले आणि दिवा त्यांनीच लावला. बिचारे सगळे वर आले. ऐकून मला भडभडून आलं. पण ऐन दिवाळीत कंदील उतरवायचा? छे, अपशकुन नको.

१९ ऑक्टोबर
पॅसेजमध्ये वाळूची पावलं. मोठी, लहान. डब्यातल्या चकल्या अर्ध्या गायब. मृणूला चांगलीच रागावले. ती म्हणते, खालच्या मुलांना दिल्या. लहान मुलं सगळ्यात आत बसतात आणि सगळ्यात शेवटी बाहेर येतात, असा त्यांचा नियम आहे. ओमकार हसला. म्हणाला, आपल्याआधी हिलाच ओळखी झाल्या.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
आरती चालू असताना पुढच्या दारावर धडका. हाताच्या नाहीत, बुटांच्या. बाहेर कोणी नाही. घाबरून मी कंदील बंद केला, तर पॅसेजमधून पावलं पळाली आणि झाकण पडलं. ओमकारनंही ऐकलं. तो हसला नाही. उद्या हॉटेलात जायचं.

२२ ऑक्टोबर, पाडवा, संध्याकाळ
ओमकार निघालाय ब्रेडाहून. बॅगा दारात. परत बूट. हात आपोआप बटणाकडे गेला, कंदील बंद केला. मृणू इथेच होती, माझ्याजवळ. आता नाही—

झाकण उघडलं. टॉर्च मारला. नुसती वाळू. पण तिचा आवाज. हळू. आई, दिवा लाव, मग येते. आधी कुणी वर सोडत नाही—

लावला तर सगळेच येतील. बुटांच्या तावडीत. माहीत आहे मला.

देवा, क्षमा कर. एकुलती एक आहे माझी. लावला.

येतायत. एक म्हातारा. एक बाई, माझ्याकडे बघून हसली, आभार मानल्यासारखी—

पुढचं दार मी उघडलं नाही. तरी उघडलं—

मृणू अजून खाली. सगळ्यात शेवटी— नको, मृणू, येऊ नकोस— बटण दाबतेय, कंदील विझत—