शुभ्राच्या गावची कोथिंबीर

अल नहदा, शारजा

तीर्थरूप विभावरीताई,

धाकट्या गुणवंताचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की नुसती बाटलीकडे बघतेस?

परवा इंग्लंडहून परतलो. आपली शुभ्रा म्हणाली होती, "बाबा, जॉब पर्मनंट होतोय. यू कम अँड सी. तुम्ही नाही म्हणालात तर मी शारजाला परत येईन." मी नाही म्हणायलाच निघालो होतो. (तिच्या खोलीचा एसी सर्व्हिस करून, हिने, म्हणजे रुपालीने, नवी चादर घातल्यावरच विमानात बसलो.)

गावाचं नाव ऑल्डरविक. मार्केट टाऊन म्हणे! मला वाटलं, आमच्या शारजातल्या रोल्ला बाजारासारखं गजबजलेलं असणार. कसलं काय! पाच वाजता दुकानं खलास. रस्त्यावर मी आणि एक मांजर. चर्चचं घड्याळ चार मिनिटं मागे, पण म्हातारं म्हणून त्याला कुणी बोलत नाही, उलट गावच त्याच्या वेळेने चालतं. चौकात खांबांवर नुसतं दगडी छप्पर. तिथे पूर्वी बायका लोणी विकायला बसायच्या, असं शुभ्रा कौतुकाने सांगतेय आणि मी विचारतोय, "पार्किंग कुठाय?" (तू मला खडूस म्हणतेस ते उगाच नाही.)

गुरुवारी उलगडा झाला. अगं, मार्केट टाऊन म्हणजे आठवडी बाजाराचं गाव! थेट आपला सोमवारचा बाजार. ताडपत्र्या, बटाट्यांचे ढीग, आरडाओरडा. मी सवयीने "लास्ट प्राईस?" म्हणालो, तर शुभ्रा, "बाबा, स्टॉप इट!" पण भाजीवाल्या म्हातारीने वांगी तोलली, पिशवीत भरली आणि वर न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या. फुकट! आपल्या पोरीने वर्षभर हट्टाने मागून मागून लावलेली सवय. आता म्हातारी गोऱ्या गिऱ्हाइकांनाही देते. ताई, बावीस वर्षांत इथल्या एका हायपरमार्केटने मला काडी दिली नाही गं! कुठल्या तोंडाने नाही म्हणू? डोळे भरून आले. (वारा फार आहे, असं सांगितलं.)

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
गुणवंत

ता. क. शुभ्राला 'राहा' म्हणून आलोय. रुपालीला मात्र "बघू, इन्शाल्ला" एवढंच सांगितलंय. ती चादर बघून जीभच रेटेना. तू फोन करून सांग ना. तुझं ती ऐकते.

ता. ता. क. त्या काड्या रुमालात गुंडाळून आणल्या होत्या. आत्ता हिने पोह्यांवर घातल्या. "काय वास आहे! कुठली हो?" म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "शुभ्राच्या गावची." घास हातात धरून बसलीय. ताई, फोन आत्ताच कर.