मामाने मागितलेली माफी

१० फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मला कायम करण्याचा कागद अडकला आहे. शाळेच्या हेडक्लार्कनी दुपारी स्वतः सांगितलं, म्हणजे ही उडती बातमी नाही. माझी मुदत संपत आली, सगळे शेरे चांगले आहेत, आणि आता मुख्याध्यापक म्हणतात की आधी दहावीच्या सराव परीक्षेचे इंग्रजीचे गुण दुरुस्त करा, मग बघू.

भानगड अशी आहे. मुख्याध्यापकांनी पूर्वी स्वतः छापून घेतलेला नियमांचा तक्ता इथे प्रत्येक वर्गात टांगलाय. त्यात म्हटलंय की ‘हॅव’ आणि त्याच्या पुढचं क्रियापद ही जोडी कधी फोडायची नाही. इंग्रजी बोलणारे लोक तर ती उठल्यासुटल्या फोडतात. ‘आय हॅव ऑलरेडी फिनिश्ड’, ‘शी हॅज नेव्हर लाइड’. ऑलरेडी, नेव्हर, जस्ट, ऑलवेज, सगळ्यांची ती नेहमीची जागा. आपल्या मुली मनात ‘मी आधीच संपवलंय’ म्हणतात आणि ऑलरेडी भलतीकडेच टाकतात. ‘अजून आला नाही’ म्हणायचं असलं की येट वाक्याच्या तोंडाशी.

म्हणून मी दोन मुलींना हॅव आणि क्रियापद करून फळ्यापुढे उभं केलं आणि तिसरीला म्हटलं, शीर मधे. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी येट झाली, ती रांगेच्या शेवटी. पोरी खिदळल्या, पण एकही विसरली नाही. मुख्याध्यापक दारातून बघत होते. बाई, ही शाळा आहे की सर्कस, असं त्यांनी विचारलं. सर्कशीत सगळे आपापल्या जागी नीट उभे राहतात सर, असं मी म्हणून गेले. मामा, जीभ आवरली नाही.

आता मुलींनी पेपरात मी शिकवलं तसं लिहिलंय, ते चूक धरून गुण कापायचे आणि नव्या गुणतक्त्यावर मी सही करायची. मीच शिकवायचं आणि मीच कापायचं? नाही करणार. तसं सांगून आले.

मामीला सांग, मी वेळेवर जेवते आहे. तिचा विश्वास बसणार नाही, तरी सांग.

माया नेहमीची आहेच, या महिन्यात थोडी जादा लागेल.

तुझी,
ठिणगी


१४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मामीने आधी फोडलं, मग रात्रभर त्याच विषयावर मला झोपू दिलं नाही. तिचं म्हणणं, पोरगी बरोबर आहे. माझं म्हणणं, पोरगी बरोबर आहे आणि नोकरीशिवाय आहे, असं झालं तर काय? यावर ती म्हणाली, तुम्ही घड्याळं दुरुस्त करा.

तर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं ऐक. मागच्या दोन शाळांत तुला एकेका वर्षाने नारळ दिला. तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. तेव्हापासून मी एकच गोष्ट मनाशी धरून आहे, तुला एक पक्की जागा मिळावी. ऑलरेडी कुठेही उभा राहू दे गं. चार गुण इकडचे तिकडे केल्याने कोणी मरत नाही. सही कर, कायम हो, आणि मग हवा तेवढा वर्ग फळ्यापुढे नाचव. सर्कशीचं उत्तर मात्र झकास होतं. दुकानात आलेल्या दोघातिघांना सांगून झालं.

हट्ट धरलाच असशील तर मी मधे पडणार नाही, निर्धास्त राहा.

बाकी दुकान ठीक. डोळ्याला भिंग लावून बसलं की मान धरते. तुमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं लंबकाचं घड्याळ माझ्याकडे आलं होतं, ते चालू झालं. असलं घड्याळ नुसतं पोचतं करून भागत नाही, भिंतीवर सरळ बसलंय ना हे पाहावं लागतं. तेव्हा गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन येईन. थोडा वेळ लागेल.

तुझ्यावर रागावलेलो नाही, हे रागावून लिहितो आहे.

तुझा,
मामा


२१ फेब्रुवारी

ती. मामास,
नमस्कार. साष्टांग आज होणार नाही.

मला माफ करण्यात आलं आहे. खुद्द अध्यक्षांनी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फोनवर मला बोलावून तसं सांगितलं. तुमचे मामा भले गृहस्थ आहेत, तुमच्या वतीने हात जोडून गेले, मुलगी उतावळी आहे पण चूक मान्य करते म्हणाले, आता सही करून टाका. समोर मुख्याध्यापक पेपरवेट फिरवत बसले होते. हसत नव्हते, पण हसण्याची तयारी दिसत होती.

घड्याळ सरळ बसलं का, मामा?

तू हात जोडलेस याचा मला राग आहेच. पण तू माझ्या तोंडी चूक घातलीस, ती मी कुठे ठेवू? वर्गात गेले तर ती उंच मुलगी विचारते, बाई, आता आम्ही कुठे उभं राहायचं? त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं. मी म्हटलं, जिथे होतात तिथेच.

मी तिथल्या तिथे फोनवर अध्यक्षांना सांगितलं की मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. मग ते म्हणाले, येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी संस्थेच्या समितीपुढे या.

पक्की जागा हवी आहे रे मला. तुझ्याहून जास्त हवी आहे. महिनाअखेर आली की मी पुढच्या भाड्याचा हिशेब तीनतीनदा करते, तो तुला दिसत नाही. पण मान खाली घालून मिळालेल्या खुर्चीवर बसून पोरींना ताठ बसा म्हणायचं, ते मला जमायचं नाही.

मामीला साष्टांग. तुला, बघू.

ठिणगी


२४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
आशीर्वाद. ते मात्र पूर्ण.

मी चुकलो असं मी लिहिणार नाही. पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि तिच्यासाठी दोन हात जोडले, यात लाजण्यासारखं काही नाही. पुन्हा वेळ आली तर जोडीन. तुझं पत्र आल्यापासून मामी माझ्याशी बोलत नव्हती. चहा आणायची तो कप आदळून ठेवायची, म्हणजे बोलण्यासारखंच.

पण तुझं एक वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना. तोंडी चूक घातलीस, ते. हात माझे होते, ते कुठेही जोडायला मी मोकळा. चूक मात्र तुझी म्हणून सांगितली, आणि तू ती केलेली नव्हतीस. काल भर गिऱ्हाइकाच्या वेळी दुकान बंद केलं आणि अध्यक्षांकडे गेलो. त्यांना म्हटलं, माफी माझ्या मनची होती, मुलीला पत्ता नव्हता, ती परत घेतो. ते म्हणाले, माफी काय दुकानातला माल आहे? मी म्हटलं, नाही, म्हणूनच बिनतक्रार परत द्या. ते चिडले. यापुढे आमची घड्याळं दुसरीकडे जातील, असं म्हणाले. मी म्हटलं, न्या. जिना मी ताठ मानेने उतरलो. मामी कोपऱ्यावर उभी होती. घरी आल्यावर कप हळू ठेवला.

शनिवारी येऊ का? बाहेरच्या बाकावर बसेन. तोंड उघडणार नाही. या वेळी खरंच.

तुझाच,
मामा


२७ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि. साष्टांग घातला, उठव आता.

नवा गुणतक्ता टाइप होऊन तयार आहे. हेडक्लार्कनी मला तो उघडून दाखवला. कापलेले गुण भरलेत, फक्त माझ्या सहीची जागा कोरी आहे. समितीत चौघे मुख्याध्यापकांच्या बाजूचे आहेत हेही त्यांनीच सांगितलं, आणि मग आपण काही बोललोच नाही असा चेहरा करून कपाट आवरायला लागले. तेव्हा आशा वगैरे ठेवू नकोस. मीही ठेवलेली नाही.

तू ये. मामीलाही आण. बाक लांब आहे.

अकराला मला आत बोलावतील. मुख्याध्यापक कागद पुढे सरकवतील, अध्यक्ष तुझा उल्लेख करतील, मग कोणीतरी माझ्या भविष्याबद्दल काळजीने बोलेल. मी नाही म्हणेन. त्याला फार वेळ लागणार नाही. साडेअकराला दहावीवर माझा तास आहे, वेळापत्रकात अजून माझंच नाव आहे, आणि तिथून मी सरळ वर्गावर जाणार. मला काढायचं असेल त्याने तिथे यावं आणि काय ते पोरींसमोर सांगावं.

लोभ कमी करायचा विचार असेल तर शनिवारनंतर कर.

तुझी,
ठिणगी