सांगणारी, स्वयंपाकीण

बाबा, तुम्ही बरोबर होतात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी हवापाण्याचं पुराण लावत बसेन, आणि इथे कॅनडात, व्हिटबीत, सकाळपासून दोनदा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केलाय.

तुमचा तो लाडका चरित्रकार. दीडशे वर्षांपूर्वी मास्तरकी सोडून थोरामोठ्यांची चरित्रं लिहीत सुटला, जत्रेत चटई टाकून विकली, आणि घरोघरच्या बायका त्यांवर वाचायला शिकल्या. आई भाकऱ्या थापायची तेव्हा तुम्ही तिला तीच वाचून दाखवायचात. मग आपल्या गावच्या वाचनालयात ते प्राध्यापक आले नि म्हणाले, सगळी इंग्रजीवरून उचललेली. तुम्ही, प्राथमिक शाळेतले मास्तर, उठून उभे राहता. "ताकात भाकरी कुस्करून खाणारा दिवाण कुठल्या इंग्रजी पुस्तकात असतो, सर?" ते म्हणतात, ती मीठमिरची पदरची. अख्खी सभा हसते. तुम्ही मागे वळून एकदा बघता, खाली बसता, चष्मा पुसत राहता. त्यानंतर वाचनालयाची पायरी तुम्ही चढला नाहीत.

रिटायर झाल्यावर मी त्याचंच चरित्र लिहायला घेतलं. शेवटच्या आजारपणात त्याने आपली वही एका मिशनरी डॉक्टरणीच्या हवाली केली होती, ती तिच्या कागदांबरोबर इकडे विनिपेगच्या दफ्तरखान्यात आलेली; तिथे जाऊन वाचली. बाबा, मोठा माणूस गेला की हा पठ्ठ्या त्याच्या घरी जायचा, पण दिवाणखान्यात नाही, मागच्या दाराने. प्रत्येक नोंदीखाली कोणी सांगितलं ते लिहायचा. सांगणारा, न्हावी. सांगणारा, घोड्यांचा मोतद्दार. आणि सतराव्या पानावर: दिवाणजी ताकात भाकरी कुस्करून खात. सांगणारी, स्वयंपाकीण. मी टेबलावर अशी थाप मारली की तिथली बाई धावत आली. सॉरी म्हटलं, पण कसलं सॉरी! चांगली जिरवली होती आपण त्या प्राध्यापकांची.

पुस्तकाचं प्रकाशन त्याच वाचनालयात झालं. मी बेसमेंटमधून व्हिडिओवर होते. तुमचा प्रश्न शब्दाला शब्द वाचला, मग ती नोंद. टाळ्या थांबेनात. शेजारी बसलेली तुमची नात म्हणाली, "सो, आजोबा वॉज राइट?"

"ऑल अलाँग," मी म्हटलं, आणि ढसाढसा रडले.

ती म्हणते, हे पत्र पुढच्या आवृत्तीत घाल. नाही घालणार. पुस्तकात मीही त्याच्यासारखंच प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचं लिहिलंय. त्या सभेखाली लिहिलंय: सांगणारी, मास्तरांची मुलगी. मागच्या बाकावर मैत्रिणींबरोबर तीही हसली होती, हे नाही लिहिलं.