सोनेरी घेवडा

ता. १८

चि. धाकट्यास,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. आधी सांग, माझ्या शेतात हात घालायला तुला सांगितलं कुणी? मी लेकीच्या बाळंतपणाला काय गेले, तू तुझ्या संस्थेचे पाहुणे घेऊन आलास आणि शेत ‘साफ’ करून गेलास! ह्यांनी अडवलं, तर त्यांना खुर्चीत बसवून चहा पाजलास म्हणे. तोही आमच्याच घरचा.

मका, भोपळा, घेवडा मी एकत्र लावते ते मला ओळ धरता येत नाही म्हणून नव्हे. भोपळ्याच्या वेलांनी जमीन झाकलेली राहते, ओल टिकते. ते वेल उपटलेस. आता जमीन तव्यासारखी तापतेय. तेही गिळलं असतं. पण बांधालगतचा वाळका घेवडा? तो मेलेला नव्हता रे, बियाण्यासाठी राखला होता! दरवर्षी भर फुलात झळा लागतात, सगळ्यांची फुलं गळतात. त्यातही जे वेल शेंगा धरतात, त्यांना मी लाल दोरा बांधते आणि त्यांचंच बी पेरते. घरात दुसरं मूठभरही नाही, आणि पेरणी तोंडावर आलीय. जाळलास का, तेवढं कळव.

बदलत्या हवामानातली शेती शिकवतोस ना तू? कुणाला, खुर्च्यांना?

ताई

ता. २३

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळलं. मी आजोबा झालो की नाही, ते मात्र तू लिहिलंच नाहीस.

अगं, ते शेत होतं की जंगल? व्याख्यानात मी तुझ्या शेताला आदर्श म्हणतो, आणि पाहुण्यांदेखत वेलात पाय अडकून भोपळ्यावर आपटलो. फोटो कशाचे काढायचे, माझ्या गुडघ्याचे? कॉलेजात तू पहिली आलीस, मान्य. म्हणून जन्मभर माझा वर्ग घेणार आहेस का?

घेवडा जाळलेला नाही. उपटून बांधलेली जुडी छान दिसत होती, लाल दोऱ्यांसकट. सजावटवाल्याने तिला सोनेरी रंग मारून कुंडीत उभी केलीय. रविवारी आमच्या प्रदर्शनाचं उद्घाटन, तेव्हा ती मंचावर असेल. नंतर काय, कचराच. तू जीव टांगू नकोस, संस्थेच्या बियाण्याचं पाकीट पाठवतो. सरळ ओळीत उगवतं.

राग निवला की लोभ कर.

तुझा धाकटा

रविवार, तुझ्याच सभागृहातून

चि. धाकट्यास,

नात झाली. आजोबा झालास, पोच मात्र आली नाही.

मागच्या रांगेत बसून तुझ्याच कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहितेय. तू माइकवरून सांगतोयस की घराघरातलं बियाणं जपलं पाहिजे. लोक माना डोलावतायत. आणि तुझ्या कोपराशी माझं बियाणं लग्नातल्या घोड्यासारखं नटून उभं आहे.

सभा भरायच्या आधी मंचावर जाऊन एक शेंग फोडली. रंग सालीवरच राहिलाय, आतले दाणे कोरडे, टणक आहेत. बाकीच्यांचं उगवल्यावरच कळेल. सजावटवाल्याने हटकलं, तेव्हा मी वक्त्याची बहीण आहे म्हणाले. बिचाऱ्याने दाराशी पाहुण्यांत गुंतलेल्या तुझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

कार्यक्रम संपेपर्यंत थांबणार नाही. तुझे लोक जुडी फेकतील आणि तू तेव्हा हार घालून घेत असशील. तुझं पाकीट ह्या कागदासोबत परत करतेय. आत्ताच मंचावर चढते, जुडी उचलते आणि कागद कुंडीत ठेवते. मला अडवायचं की बियाणं जपण्यावर बोलत राहायचं, ते भर सभेत तूच ठरव.

लोभाचं म्हणशील, तर उगवण बघून कळवेन.

तू पाणी प्यायला थांबलायस. उठले मी.

ताई