टाकीतली ओहोटी

३ जानेवारी २००६, मंगळवार
शेवाळ जिवंत आहे. लॅब असिस्टंट देवरावने बोट लावून खात्री केली. रत्नागिरीहून यवतमाळपर्यंत कॅनमध्ये आलं, आता मिठाच्या पाण्यात हिरवंगार. माझ्या पीएचडीचा विषय: समुद्री शेवाळातलं जैविक घड्याळ. २४ तारखेला विद्यापीठाची समिती येणार. काही दाखवलं नाही तर नोंदणी रद्द. तीन आठवडे आहेत, म्हणजे भरपूर. उद्यापासून दर अर्ध्या तासाला नोंद.

६ जानेवारी
नोंदी देवरावकडे सोपवल्या. पण मोठं सापडलं! शेवाळ वर तरंगतं, साडेबाराला तळाशी बसतं, चारला पुन्हा वर. सलग तीन दिवस. समुद्र इतका दूर, तरी याला ओहोटी आठवते. नेमकी तेव्हाच लाईट जाते, नीट दिसत नाही. टॉर्च घ्यावा.

९ जानेवारी
बायको मैत्रेयी म्हणे, एवढ्या मिठात दोन वर्षांचं लोणचं झालं असतं. वर विचारते, समुद्र तुम्ही पाह्यला तरी कधी? पाहिलाय. लग्नानंतर, दोन तास. अभ्यासू नजरेला पुरतात. तिला हे सांगून उपयोग नाही.

११ जानेवारी
आमच्याच कॉलेजातला अश्वजित कापसाच्या लाल्या रोगावर पीएचडी करतो. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "इथं कापूस मरून राह्यला अन् तू समुद्राचं घड्याळ पाहून राह्यला." नुसता हसलो. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. कापसावर काय, कोणीही करतं.

१६ जानेवारी
लोडशेडिंगची वेळ बदलली. आता सकाळी नऊ ते साडेबारा. वैताग. पण शेवाळाची ओहोटीही नऊवर सरकली! परवाच पौर्णिमा झाली, कारण तेच. देवराव म्हणे, "सर, लाइन गेली का हवेचा पंप बंद पडते. बुडबुडे थांबले का थे खाली बसते." म्हटलं, देवराव, विज्ञानात इतकी घाई चालत नाही.

२३ जानेवारी
आलेख भिंतीवर लावला. समितीला नऊची ओहोटी प्रत्यक्ष दाखवणार, तसं कळवलंही आहे. प्राचार्यांनी कॉलेजची अब्रू जाऊ नये म्हणून लोहाऱ्याहून जनरेटर मागवलाय. उद्या लाईट जाणारच नाही. मनापासून आभार मानले. देवराव म्हणे, "मंग सर, उद्या थे बसन कसं?" म्हटलं, आलेख तिरका दिसतोय, आधी तो सरळ कर.

२४ जानेवारी, सकाळी ८.५०
जनरेटर सुरू. शेवाळ वर. समितीचा चहा संपत आलाय, मग सगळे इकडेच येतील. नऊला ओहोटी अपेक्षित आहे. देवराव पंपाच्या बटणाजवळ जाऊन उभा राहिलाय. त्याला तिथून हलायला मी सांगितलेलं नाही.