ऍप्रनच्या खिशावरचं नाव

चि. मुंगळ्यास अनेक आशीर्वाद.

आमच्या सिस्टरला तू मेमो दिलास असं काल ड्रायव्हरकडून कळलं, म्हणून लिहिते आहे. नाहीतर तिला तू पळवलीस त्या दिवसापासून तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुझी तब्येत बरी असेलच. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलचा संचालक आजारी पडला तर त्याला खाटांचा तोटा नाही. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते मी तिलाच विचारते, कारण तू ‘ठीक’ यापलीकडे काही सांगत नाहीस. इथे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे बारा खाटा, एक म्हातारे डॉक्टर, एक ड्रायव्हर आणि कारभार पाहायला मी.

‘ड्यूटीवर असताना वीस मिनिटं खाजगी फोन’ असं मेमोत आहे म्हणे. तो फोन किती खाजगी होता ते सांगते, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. (लहानपणीही तू गोष्ट मधूनच ऐकायचास आणि मग समजली नाही म्हणून रडायचास.)

आमचं रुग्णालय देणग्यांवर चालतं. देणाऱ्यांचा हात सढळ आहे, पण ज्यावर नाव रंगवता येईल तेच त्यांना द्यायचं असतं. त्यामुळे आमच्या भिंतींवर नऊ घड्याळं आहेत (सगळी कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही), आणि व्हरांड्यात बाकं इतकी की धडधाकट माणसंही टेकायला येतात. लाकडाच्या व्यापाऱ्याने रुग्णवाहिका दिली. तिच्या दोन्ही बाजूंना त्याच्या वडिलांचं आणि दुकानाचं नाव एवढ्या ठसठशीत अक्षरांत आहे की ‘रुग्णवाहिका’ हा शब्द मागे नंबराच्या वर कसाबसा कोंबावा लागला. रस्त्यात कुणी वाट देत नाही. मागे एकाने सिग्नलला काच ठोठावून सागवानी कपाटाचा भाव विचारला. आमच्या ड्रायव्हरने सांगितला, आणि वर थोडा कमीही करून दिला.

पगार मात्र कुणी देत नाही. सिस्टरचा पगार थकायला लागला तेव्हा मी त्याच व्यापाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, “बाई, द्यायला ना नाही, पण वडिलांचं नाव कुठे येणार?” मी घाईत म्हटलं, ऍप्रनच्या खिशावर. मला तेव्हा ते फार व्यवहारी वाटलं. शिंप्याकडून लाल दोऱ्याने दोन ऍप्रनवर नाव भरून घेतलं. सिस्टरने ते वाचलं आणि म्हणाली, “मी नवऱ्याचंसुद्धा नाव लावलं नाही, बाई. आता ह्यांच्या वडिलांचं छातीवर मिरवू?” पेशंट खिसे वाचायला येत नाहीत, असं मी तिला सुनावलं. तिने ऍप्रनच्या घड्या घालून माझ्या टेबलावर ठेवल्या, वर प्रसूतिकक्षाची किल्ली ठेवली, आणि पुढच्या आठवड्यात ती तुझ्याकडे रुजू झाली. दुप्पट पगाराचं तुझं बोलावणं तिच्याकडे वर्षभर पडून होतं, आणि वर्षभर ती हलली नव्हती, हे मला माहीत आहे. वर ‘पळवलीस’ लिहिलंय ते तसंच राहू दे. पत्रात खोडाखोड मला आवडत नाही.

सिस्टर नसताना डॉक्टर बाळंतपण हाती घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तेव्हापासून अडलेल्या बायका तुझ्याकडे पाठवतो. मंगळवारी दुपारी त्याच शिंप्याच्या सुनेला घेऊन निघालो. दुसरं कुणी नव्हतं म्हणून सोबतीला मी. रेल्वेचं फाटक बंद, मागे-पुढे ट्रक, आणि बाळ थांबायला तयार नाही. कॉलेजात माझा विषय संख्याशास्त्र होता, हे तुला ठाऊक आहे. ड्रायव्हरने मला न विचारता सिस्टरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “गाडीत कोण आहे?” तिने विचारलं. “बाई आहेत,” तो म्हणाला. “त्यांना हात धुवायला सांगा,” ती म्हणाली. “ आणि मी सांगेन तेवढंच करायचं, बोलायचं नाही.”

मी बोलले नाही. (असं आजवर झालं नव्हतं, असं ड्रायव्हर सगळीकडे सांगत फिरतो आहे.) ती त्या पोरीशी बोलत होती. हॉर्न वाजत होते, आणि तिचा आवाज स्वयंपाकघरात कुणाला मिठाचा डबा कुठे आहे ते सांगावं तसा. मुलगी झाली. सिस्टरने विचारलं, “रडली का?” मी फोन बाळाजवळ धरला. ते रडणं तिने पुरतं ऐकलं आणि फोन ठेवला. माझ्याशी शब्द नाही. हा तो खाजगी फोन.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पगार महिन्याअखेरीस संपतो आणि घड्याळ टिकतं, म्हणून लोक घड्याळ देतात. मीही आभार मानून भिंतीवर खिळा ठोकत आले. फाटकाशी मला घड्याळ नको होतं.

व्यापाऱ्याला भेटून हे सांगितलं. तो म्हणाला, “नाव खाटेवर घाला, बाई. माणसावर नको.” सिस्टरचा पगार तो देणार आहे. तुझ्याएवढा नाही, पण दर महिन्याला. मी तिला तसं कळवलं, उत्तर नाही. तुझ्या मेमोला तिने उत्तर दिलं का, तेही कळव. तो कागद मात्र मागे घे.

तुझी आत्या

ता. क. मेमो मागे घ्यायची फार घाई करू नकोस. आठवडाभर तुझ्यावर चिडून राहिली तर इकडे यायचा विचार करेल.

आणखी ता. क. वरचा ता. क. रद्द. आजच मागे घे. माझ्यावर चिडून ती तुझ्याकडे आली. तुझ्यावर चिडून माझ्याकडे आली तर मी पुन्हा काही बोलेपर्यंतच टिकेल. यायचं तर खुशीने येऊ दे. नाही आली, तर दुपारी तिला बसायला खुर्ची दे. तिची कंबर धरते, आणि ती स्वतः सांगणार नाही.

ड्रायव्हरच्या हाती दिलेल्या वस्तू, सिस्टरसाठी, तुझ्यासाठी नव्हेत:
ऍप्रन दोन, खिसे कोरे. (नाव मी स्वतः उसवलं, भोकं दिसतात.)
प्रसूतिकक्षाची किल्ली एक. दुसरी इथे ठेवलेली नाही.